पावसाळ्याआधी घरात नेमकं काय काय ठेवायचं? (नवख्याचा प्रश्न, मुक्काम कोकण)

परतलेला | १० मे, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. बारावीनंतर गाव सोडलं, पुण्यात बावीस वर्षं काढली आणि गेल्या दिवाळीत परत आलो. दापोली तालुका, घरापासून खाडी चालत दहा मिनिटांवर. घरात आई (७४), बाबा (८०, मधुमेह, इन्सुलिन चालू), बायको आणि सहावीतली लेक. लहानपणी पावसाळ्याचं सगळं आईबाबा बघायचे, मी फक्त पागोळ्यांखाली भिजायचो. यंदा बघणारा मीच आहे.

नेटवर शोधलं तर 'आपत्कालीन बॅग' नावाच्या याद्या सापडल्या. शिट्टी, होकायंत्र, चांदीच्या वर्खासारखं ब्लँकेट, डबाबंद अन्न. बाबांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "होकायंत्र कशाला? समुद्र पश्चिमेलाच आहे."

बजेट पाच-सहा हजार. सुरुवात कुठून करू?

---

सुपारीबाग | १० मे, रात्री १०:०५

बाबांना नमस्कार सांगा. बरोबर बोलले.

मी श्रीवर्धनकडचा. ३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ आमच्या डोक्यावरूनच आत गेलं. वाऱ्याचा वेग ताशी ११०-१२० किलोमीटर होता हे नंतर कळलं, तेव्हा फक्त आवाज ऐकला. दुपारी सुरू झालं, अंधार पडायच्या आत सगळं शांत. बागेत सुपारी आडवी, माड मधूनच मोडलेले, पडवीचे पत्रे शेजारच्यांच्या परसात.

लोक विचारतात ते त्या चार तासांचं. आम्हाला दमवलं ते नंतरच्या महिन्याने. आमच्या वाडीत लाईट आली एकतिसाव्या दिवशी. मोबाईलला रेंज नाही, एटीएम बंद, दुकानदार म्हणे रोख द्या. आणि घरात रोख किती? साडेसहाशे रुपये. त्यात पाचशेची एक नोट, तिचे सुटे कोणाकडेच नाहीत.

पण सगळ्यात लाज वाटली ती विहिरीवर. जूनची सुरुवात, पाणी तळाशी गेलेलं, पण होतं. पंप बंद. पोहरा शोधायला गेलो तर पोहराच नाही! रहाट काढून दहा वर्षं झालेली, विहिरीवर जाळी वेल्ड करून घेतलेली, का तर मांजर पडतं म्हणून. शेवटी हॅकसॉने दोन सळ्या कापल्या, रंगाचा रिकामा डबा नायलॉनच्या दोरीला बांधला आणि पाणी काढलं. तिसऱ्या दिवशी तळहात सोलवटले.

तेव्हा पहिली खरेदी सांगतो: पोहरा, कप्पी आणि विहिरीच्या खोलीपेक्षा पाचसात हात जास्त लांबीचा जाड दोर. सगळं मिळून हजाराच्या आसपास. टॉर्च नंतर.

---

शंकेखोर | १० मे, रात्री १०:४०

एक मत. असलं वादळ दहा-वीस वर्षांत एकदा येतं. त्यासाठी दरवर्षी एवढा खटाटोप करायचा? भीतीचा पण एक बाजार असतो.

---

सुपारीबाग | १० मे, रात्री १०:५२

नोव्हेंबर २००९ फयान. जून २०२० निसर्ग. मे २०२१ तौक्ते. जुलै २०२१ महाड आणि चिपळूणचा पूर. शेवटचे तीन चौदा महिन्यांच्या आत. आणि जूनच्या पहिल्या पावसात दोन दिवस लाईट जाते त्याला आम्ही वादळ म्हणतही नाही.

बाजाराचं मात्र पटलं. म्हणूनच वर पोहरा लिहिलाय, ब्लँकेट नाही.

---

वाशिष्ठीकाठ | ११ मे, सकाळी ७:३०

चिपळूण बाजारपेठेतून लिहितोय. वादळाची आणि पुराची तयारी एकमेकांच्या उलटी असते, हे आधी डोक्यात पक्कं करा. वाऱ्यात सामान खाली आणून दडवायचं, पुरात वर चढवायचं.

२२ जुलै २०२१. पहाटे पाणी रस्त्यावर आलं तेव्हा आम्ही नेहमीप्रमाणे माल दोन फूट वर सरकवला. २००५ ला कुठवर आलं होतं ती खूण भिंतीवर होती, तिच्या वर ठेवला की झालं अशी समजूत. पाणी ती खूण बुडवून माळ्याच्या फळीला लागलं. मागच्या पुराची रेघ ही पुढच्या पुराची हद्द नसते, हे शिकायला मला दुकान घालवावं लागलं.

तुम्ही खाडीजवळ आहात, म्हणून भरती बघायला शिका. जुन्या लोकांचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. त्या वर्षी आषाढी एकादशी २० जुलैला होती, म्हणजे २२ ला त्रयोदशी. तेराची पाऊणपट पावणेदहा. खाडीच्या आत थोडी उशिरा. पौर्णिमा दोन दिवसांवर, म्हणजे उधाण चढतं. वरून रात्रभर पाऊस, खालून भरती, नदीने जायचं कुठे? आता मुसळधार पाऊस लागला की मी आधी कालनिर्णय बघतो, मग मोबाईल.

बाकी पटापट लिहितो, दुकान उघडायचंय.

इन्व्हर्टर जमिनीवर ठेवू नका. पुरात पहिला मेला तो आमचा इन्व्हर्टर, म्हणजे ज्या वेळेसाठी घेतला नेमका त्याच वेळी.

गॅस सिलिंडर भरलेला असला तरी पाण्यात तरंगतो. आमचा स्वयंपाकघरभर फिरत होता, नळी ताणलेली. पाणी उंबऱ्याशी दिसलं की रेग्युलेटर बंद करून काढून ठेवा, सिलिंडर उभा बांधा किंवा वर न्या. वास आला तर दिव्याचं बटण चालूही करायचं नाही आणि बंदही नाही. खिडक्या उघडायच्या, बाहेर यायचं आणि तिथून १९०६ ला फोन.

मेन स्विच पाणी यायच्या आधी पाडायचा. पाण्यात उभं राहून नाही. आणि पाणी ओसरल्यावर वायरमनने बघितल्याशिवाय चढवायचा नाही, कितीही वाटलं तरी.

---

भांडुपकर | ११ मे, सकाळी ११:२०

धागाकर्त्याला विचारायचं नाही, पण माझी गोष्ट इथेच बसते. आईवडील संगमेश्वरकडे एकटे, मी मुंबईत. निसर्गच्या वेळी नऊ दिवस आवाज ऐकला नव्हता. त्या नऊ दिवसांत मला कळलं की गावातल्या एकाही माणसाचा नंबर माझ्याकडे नाही. सगळे आईच्या फोनमध्ये, आणि आईचा फोन बंद.

आता घराच्या दाराआड पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून लावलंय: शेजारी, पोलीस पाटील, आशाताई, रिक्षावाला, माझा नंबर, बहिणीचा नंबर. खाली ११२ आणि १०८, जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा १०७७, वायर तुटली तर १९१२. वडिलांना चाळशी न लावता वाचता आलं पाहिजे या हिशेबाने अक्षर काढलंय.

आणि एक ठरवून ठेवलंय. रेंज एक काडी असेल तर फोन लावत बसायचं नाही, मेसेज टाकायचा. 'बरे आहोत' एवढाच. फोन लागत नाही तिथून मेसेज बऱ्याचदा निसटतो. रोज सकाळी आठला फोन पाच मिनिटं चालू, मग बंद, म्हणजे चार्जिंग आठवडाभर पुरतं.

---

रापण | ११ मे, दुपारी २:१५

मालवणच्या बाजूचा. आमच्याकडे म्हणतात, "वारो सुटलो की पयली लाईट जाता, मगे रेंज, आणि शेवटाक डोक्या." डोकं जाऊ नये म्हणून घरात सेलवर चालणारा रेडिओ ठेवा. तौक्तेच्या दिवशी व्हॉट्सॲपवर दर दहा मिनिटांनी नवी अफवा येत होती, तेवढ्यात रेंजच गेली. बातम्यांपुरता रेडिओ लावायचो आणि बंद करायचो.

हवामान खात्याचे रंग घरातल्या सगळ्यांना पाठ करून द्या. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. लाल म्हणजे दिवसभरात २०४ मिलिमीटरच्या वर पाऊस. कोकणात जुलैत तो अधूनमधून पडतोच, म्हणून आपले लोक लाल रंगाला भीक घालत नाहीत. पण डोंगराच्या पायथ्याशी किंवा खाडीच्या तोंडाशी घर असेल तर तोच पाऊस वेगळा असतो.

वादळात मध्येच एकदम शांत झालं तर बाहेर पळू नका. वादळाचा डोळा, म्हणजे मधला शांत भाग, वरून जात असेल तर थोड्या वेळाने वारा उलट्या बाजूने येतो, आणि अर्धवट सुटलेले पत्रे तेव्हा उडतात.

मे महिन्यात करायचं ते: घराशेजारच्या माडांचे नारळ आणि सुक्या झावळ्या उतरवून घ्या. पाडेकरी मिळत नाहीत हे खरं आहे, दोन महिने आधी सांगून ठेवावं लागतं. शंभरेक कौलं जादा ठेवा, एक बऱ्यापैकी जाड ताडपत्री, दोर, कोयता, करवत. वादळानंतर ताडपत्री मिळत नाही, मिळाली तर दुप्पट भाव. आणि रस्त्यावर पडलेलं झाड कापायला सरकार येईपर्यंत तुमची करवतच असते.

---

दवाखान्यातली | ११ मे, रात्री ९:५०

गुहागर तालुक्यात नर्स आहे. इन्सुलिन वाचलं म्हणून लिहिते.

बाबांची न उघडलेली इन्सुलिन फ्रीजमध्ये असते, पण वापरातली बहुतेक प्रकारची कुपी २५-३० अंशांच्या आत साधारण चार आठवडे बाहेर टिकते. खोक्यावर नक्की लिहिलेलं असतं, ते आजच वाचून घ्या. लाईट गेली की आमच्याकडचे पेशंट जुनी युक्ती करतात: मडक्यात ओली वाळू, वाळूत छोटं मडकं, त्यात कुपी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, वर ओलं फडकं, जागा वाऱ्याची. बर्फाला चिकटवून ठेवू नका, गोठलेली इन्सुलिन फेकायचीच. आणि जून लागायच्या आत महिन्याची जादा औषधं घरात हवीत. बीपीची गोळी चार दिवस चुकली म्हणून पुरातून ट्रॅक्टरवर बसवून आणलेले आजोबा मी पाहिलेत.

पाणी. पुराचं पाणी विहिरीत गेलं की ते पाणी दिसायला कितीही नितळ असो, उकळल्याशिवाय पिऊ नका. खळखळून उकळी आली की पुढे एक मिनिट. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत, हे मला दरवर्षी पंचवीस वेळा सांगावं लागतं. विहिरीसाठी ग्रामपंचायतीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर असते. हिशेब हजार लिटरला अडीच ग्रॅम. विहिरीचा व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, गुणिले ०.७८५, म्हणजे किती हजार लिटर ते कळतं. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर २८ हजार लिटर, म्हणजे ७० ग्रॅम. बादलीत कालवून चुना खाली बसू द्यायचा, वरचं पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन विहिरीत सोडायचं, बादली वरखाली करून ढवळायचं, मग तासभर कोणी पाणी काढायचं नाही. हे नेहमीच्या विहिरीचं प्रमाण झालं. पुराचं पाणी आत गेलं असेल तर आरोग्य सेवकाला विचारून जास्त टाकावं लागतं. पावडर जुनी किंवा उघडी राहिलेली असेल तर तिचा दम गेलेला असतो.

जुलाब लागले तर एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा.

पुराच्या पाण्यात उघड्या पायांनी चाललात आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल असं झालं, तर अंगावर काढू नका. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) असू शकतो. डॉक्टरांना आपणहून सांगायचं की मी पाण्यात उतरलो होतो.

साप. पाणी वाढलं की तोही कोरडी जागा शोधत घरात येतो. रत्नागिरी जिल्ह्यात फुरसं भरपूर, आणि ते एवढंसं असतं की लोक हसतात. चावलं तर घट्ट बांधायचं नाही, ब्लेड मारायचं नाही, चोखायचं नाही. अंगठ्या, बांगड्या काढा, हातपाय हलवू न देता फळीला सैलसर बांधा आणि दवाखाना. कोणत्या आरोग्य केंद्रात सापाची लस असते आणि तिथे जायचा दुसरा रस्ता कोणता, हे आत्ता विचारून ठेवा. पहिला रस्ता तेव्हा पाण्याखाली असतो.

---

शंकेखोर | ११ मे, रात्री १०:३०

नर्सताई, तो ०.७८५ चा हिशेब वहीत उतरवून घेतला. भीतीच्या बाजाराचे माझे शब्द अर्धे मागे.

---

वाशिष्ठीकाठ | १२ मे, सकाळी ७:१०

अर्धेच?

सकाळी एक आठवलं. आज घरभर फिरून मोबाईलवर व्हिडिओ काढा, प्रत्येक खोली, कपाटं उघडून, फ्रीज, शिलाई मशीन, सगळं. तो व्हिडिओ बाहेरगावच्या नातेवाइकाला पाठवा. पंचनाम्याच्या वेळी चिखलाच्या ढिगाकडे बोट दाखवून 'इथे कपाट होतं' म्हणायची वेळ येते. आणि साफसफाई करायच्या आधी फोटो. आमच्या घरच्यांनी स्वच्छता इतकी लगेच केली की पंचनाम्याला नुकसानच उरलं नाही.

कागद: सातबारा, आधार, रेशनकार्ड, पासबुक, विमा. डिजीलॉकरमध्ये जे मिळतं ते घ्या, बाकीच्या झेरॉक्स झिपच्या पिशवीत. लग्नाचा अल्बम वर ठेवा. त्याची झेरॉक्स मिळत नाही.

---

डोंगरपायथा | १२ मे, दुपारी ४:००

महाड तालुका. आमच्यासाठी वरची अर्धी यादी निरुपयोगी आहे, कारण दरड येते तेव्हा घरात काय ठेवलं याला अर्थ नसतो. २००५ च्या जुलैत दासगाव, जुई. २२ जुलै २०२१ ला तळिये. पुढे २०२३ ला खालापूरकडे इर्शाळवाडी. आम्हाला एकच तयारी: वेळेत उठून जाणं.

घरामागच्या डोंगराकडे बघायची सवय ठेवा. जमिनीला नवीन भेग, झाड किंवा खांब कललेला, दार अचानक चौकटीत अडकायला लागलं, पऱ्याचं (ओढ्याचं) पाणी एकाएकी गढूळ झालं किंवा भर पावसात आटलं, तर सामान गोळा करत बसायचं नाही. आमची पिशवी लहान आहे. कागद, गोळ्या, टॉर्च, थोडे पैसे, एक जोडी कपडे, शेंगदाण्याचे लाडू. दाराच्या खिळ्याला जून ते सप्टेंबर टांगलेली. लाल इशारा आला की मुलं आणि म्हातारी माणसं शाळेत झोपायला जातात. सतरा वेळा काहीच झालेलं नाही. माझी आजी दरवेळी कुरकुरते आणि दरवेळी जाते.

---

परतलेला | १२ मे, रात्री ९:३०

वाचून दोन गोष्टी एकदम झाल्या, घाबरलो आणि हलकं पण वाटलं. पण अजूनही कळत नाहीये की *माझ्या* घरात काय कमी आहे. प्रत्येकाचं वेगळं दिसतंय.

---

सुपारीबाग | १२ मे, रात्री ९:४५

सोपं आहे. शनिवारी संध्याकाळी मेन स्विच पाडा, मोबाईलचा डेटा बंद करा, गाडीची किल्ली आईकडे द्या. रविवारी संध्याकाळपर्यंत तसेच राहा. जिथे अडाल ते लिहून काढा. तुमची यादी तयार.

---

परतलेला | १८ मे, रात्री ८:२०

केलं. लिहितो.

शनिवारी सातला स्विच पाडला. पहिला अर्धा तास मजेत. लेकीने सावल्यांचे हरणं-ससे केले. साडेसातला बायकोने विचारलं, शेगडी इंडक्शनची आहे, गॅस कुठाय? गॅस होता, पण सिलिंडर कधी आणलाय ते कोणालाच आठवेना. आठवड्याभरात संपला असता. दुसरा सिलिंडर नाही. (आता नोंदवला.)

टॉर्च तीन निघाले. एक चालू, एकात सेल फुटून पाघळलेले, तिसरा चार्जिंगचा आणि त्याची पिन हरवलेली. मेणबत्ती लावली तर आईने ओरडून विझवली, मच्छरदाणीजवळ ठेवली होती म्हणून. तिने माळ्यावरून कंदील काढायला लावला. काच धड, वात धड, रॉकेल नाही. रेशनवर मिळेनासं झाल्यावर कोणी आणलंच नव्हतं.

रात्री दोनला टाकी संपली. संडासला लागणारं पाणी हा विषय तुमच्यापैकी एकानेही काढला नाही, लक्षात आणून देतो! पिण्याचं पाणी आम्ही माणशी चार लिटर धरून कळशा भरून ठेवलं होतं. फ्लशचं पाणी हिशेबात धरलं नव्हतं. पाच माणसं, एक टाकी आणि दर वेळी आठ-दहा लिटर. सकाळी विहिरीवर गेलो. पोहरा गुरुवारीच आणला होता, पण कप्पी लावायला आडवा वासाच नाही. बाबा खुर्ची टाकून बसले आणि शेजारच्या दादांना हाक मारली. दोघांनी मिळून तासाभरात दोन बेळक्या (दुबेळके खांब) रोवून वासा टाकला. मी धरायला होतो.

जेवणाचं मात्र काहीच अडलं नाही, आणि हे मला पाहून नवल वाटलं. मी डबाबंद अन्न शोधत होतो आणि आईच्या कोठीत तांदूळ, कुळीथपीठ, पोहे, आमसुलं, आगळाच्या बाटल्या, सुकट, फणसाची साठं, सांडगी मिरच्या, सगळं मे संपायच्या आत भरलेलं. तिला म्हटलं, ही तर आपत्कालीन तयारी. ती म्हणाली, "ही बेगमी. आपत्काल कसला त्यात? पावसाळा आहे." फक्त मिक्सर नाही म्हणून वाटण अडलं. पाटा सापडला न्हाणीघराबाहेर, कपडे आपटायला वापरतोय आम्ही तो.

यादी अशी झाली: दुसरा सिलिंडर, दोन टॉर्च एकाच मापाच्या सेलचे, सेलचा रेडिओ, पॉवर बँक, संडासासाठी दोनशे लिटरचं पिंप, बाबांची महिन्याची औषधं, दोन मडकी, ताडपत्री, तीन हजार रुपये दहा-वीस-पन्नासच्या नोटांत. दाराआड नंबरांचा पुठ्ठा लेकीने रंगवून लावलाय, सापाचं चित्र काढून. बजेट नऊ हजारांवर गेलं. सिलिंडरच्या डिपॉझिटने घात केला.

एक शंका: कप्पी भयंकर कुरकुरते. पहाटे पाणी काढलं की अख्खी वाडी उठते.

---

रापण | १८ मे, रात्री ८:४१

खोबरेल सोडा दोन थेंब. आणि पाटा आधी घासून घ्या चांगला, मग वाटण.

---

भांडुपकर | १८ मे, रात्री ९:०३

पिंपाला झाकण घट्ट घ्या, नाहीतर डास. संडासाचं पाणी खरंच कोणी लिहिलं नव्हतं. आईला आत्ताच फोन करून पिंप सांगितलं. म्हणाली, "दोन आहेत. तू इथे असतास तर दिसली असती."